चौथी पट्टी आधी की मोठं विमान आधी? एटीआरवरच्या नव्या को-पायलटांसाठी

गेल्या रविवारी इंदूरच्या सुदामानगरमधला एक मुलगा आईला घेऊन घरी आला. एटीआरवर, म्हणजे पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानावर को-पायलट, उड्डाणाचे साडेअकराशे तास झालेले. मोबाइलवर एका मोठ्या कंपनीची ए३२०च्या, म्हणजे एअरबसच्या मोठ्या जेटच्या, फर्स्ट ऑफिसरची (को-पायलटचीच) जाहिरात उघडी. ‘काका, फॉर्म भरू का?’ आईचा प्रश्न वेगळा होता. ‘म्हणजे आता हा दिल्लीलाच राहणार?’

मी त्याला चार गोष्टी विचारल्या. बाँडचे, म्हणजे ट्रेनिंगच्या बदल्यात कंपनी न सोडण्याच्या कराराचे, किती महिने उरलेत? कमांडच्या, म्हणजे कॅप्टन होण्याच्या, यादीत तुझ्या पुढे किती जण आहेत? रात्रीचे तास किती? नोटीस किती? सुरुवातीला एकाचंही उत्तर धड आलं नाही. समोरच्या कंपनीचा पगार मात्र रुपयापर्यंत पाठ होता.

मी स्वतः टर्बोप्रॉपवर, म्हणजे अशाच पंख्यांच्या विमानावर, सहा वर्षं काढली, तिथेच कॅप्टन झालो, म्हणजे खांद्यावर चौथी पट्टी आणि बसायला डावी सीट, आणि मग एअरबसवर जाऊन पुन्हा को-पायलटच्या उजव्या सीटवर बसलो. चुका भरपूर केल्या. त्या मुलाला दोन तास जे सांगितलं ते इथे लिहितोय, कारण हल्ली महिन्याला एक तरी असा फोन येतो.

आधी बाजार बघा

छोटी शहरं जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेतलं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ला शिमल्याहून दिल्लीला उडालं. त्याच वर्षी डिसेंबरात इंडिगोने एटीआर ७२-६०० सुरू केली. फ्लायबिगने जानेवारी २०२१मध्ये सुरुवात केली ती आपल्या इंदूरहूनच. घोडावतांची स्टार एअर एम्ब्राअर उडवते, फ्लाय९१ मार्च २०२४पासून गोव्याहून एटीआर चालवते, आणि अलायन्स एअर जुनीच आहे. म्हणजे सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) हातात घेऊन वणवण करणाऱ्याला छोट्या विमानाचं दार आज पूर्वीपेक्षा बरंच उघडं आहे.

दुसरीकडे एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३मध्ये ४७० विमानं मागवली, इंडिगोने त्याच जूनमध्ये ५००, अकासाने जानेवारी २०२४मध्ये १५०. ही काही एका दिवाळीत अंगणात येऊन उभी राहत नाहीत, वर्षानुवर्षं येत राहतात. पण येताहेत, आणि त्यांना माणसं लागणार आहेत.

आता दुसरी यादी. किंगफिशर २०१२मध्ये थांबली, जेट एप्रिल २०१९मध्ये, गो फर्स्ट मे २०२३मध्ये. तिघींकडेही मोठी विमानं होती. ‘मोठी कंपनी म्हणजे पक्की नोकरी’ असं घरचे म्हणतील, म्हणू द्या. आपण त्या हिशेबावर निर्णय घ्यायचा नाही.

लॉगबुक घेऊन एक संध्याकाळ बसा

कॅप्टन व्हायचं तर एटीपीएल, म्हणजे सीपीएलच्या वरचं लायसन्स, हवं आणि त्यासाठी १५०० तास, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या १५०० तासांच्या पोटात काय काय लागतं, ते फार कमी जण बघतात. रात्रीचे १०० तास. इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे फक्त उपकरणं बघून उडवल्याचे, १००. आणि ५०० तास एक तर स्वतः पायलट-इन-कमांड (पीआयसी) म्हणून, नाहीतर कॅप्टनच्या देखरेखीखाली त्याचं काम करत, म्हणजे आपल्या भाषेत ‘पी वन अंडर सुपरव्हिजन’.

एटीआरवाल्याची गाडी अडते ती रात्रीच्या तासांवर. छोटे विमानतळ बरेचसे दिवसाउजेडीच चालतात. सकाळी सहाला निघायचं, चार सेक्टर (उड्डाणं) मारायचे, दुपारी जेवायला घरी. आयुष्य छान, पण लॉगबुकात रात्रीचा रकाना कोरडा. माझ्याबरोबरच्या एकाचे १६०० तास भरले तेव्हा रात्रीचे जेमतेम साठ होते. त्याच्या मागून आलेले दोघे त्याच्याआधी कमांडला गेले.

उपाय सोपा आहे, फक्त वेळेवर करायला हवा. हजार तास झाले की रोस्टरिंगला, म्हणजे ड्यूट्या लावणाऱ्यांना, लेखी विनंती करा की संध्याकाळच्या फेऱ्या द्या. हिवाळ्यात सहा-साडेसहालाच अंधार पडतो, तेव्हा नोव्हेंबर ते जानेवारी हा तुमचा सुगीचा हंगाम. संध्याकाळी मुंबईला जाऊन रात्री इंदूरला परत, अशा महिन्याला आठ फेऱ्या मिळाल्या तरी एका हिवाळ्यात चाळीसएक तास सहज जमतात.

‘अंडर सुपरव्हिजन’चे तास त्या त्या कॅप्टनकडून वेळच्या वेळी प्रमाणित करून घ्या. कॅप्टन नोकरी बदलतात, परदेशी जातात, आणि दोन वर्षांनी सहीसाठी त्यांच्या मागे दोहा-दुबई फोन लावत बसणं हा फार अपमानास्पद उद्योग आहे. तसंच डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, ई-जीसीए पोर्टलवरचे तास आणि तुमच्या वहीतले तास दर महिन्याच्या पहिल्या तारखेला जुळवून बघा. वाण्याच्या वहीसारखं, फरक लगेच पकडला तर मिटतो.

एटीपीएलचे पेपर तीनच: नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेडिओ एड्स आणि इन्स्ट्रुमेंट्स. पास व्हायला ७० टक्के. १५०० तासांची वाट बघत पेपर लांबवू नका. को-पायलट असतानाच, विशेषतः पावसाळ्यात उड्डाणं रद्द होऊन घरी बसाल तेव्हा, उरकून टाका.

बाँड वाचा. खरंच वाचा.

माझी कहाणी सांगतो, कंपनीचं नाव नाही सांगत. मला वाटत होतं तीन वर्षांचा बाँड टाइप रेटिंग (त्या विमानाचं खास ट्रेनिंग) सुरू झालं त्या दिवसापासून मोजला जातो. प्रत्यक्षात तो लाइन रिलीजच्या, म्हणजे ट्रेनिंग संपून नेहमीची ड्यूटी सुरू झाल्याच्या, दिवसापासून होता, म्हणजे जवळजवळ सात महिने पुढे. शिवाय मला वाटत होतं की दर महिन्याला रक्कम घटत जाते. तिथे लिहिलं होतं की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण रक्कम. नवी कंपनी जॉइनिंगची तारीख देऊन बसली आणि मी वडिलांसमोर एफडी मोडण्याचा विषय काढला. वडील काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसत बसले. ते अजून आठवतं.

म्हणून बाँडच्या कागदावर पेन घेऊन चार जागी खूण करा. मोजणी कुठल्या दिवसापासून? रक्कम महिन्यागणिक घटते की सरसकट? नोटीसचा काळ बाँडमध्ये धरला जातो की बाँड संपल्यावर नोटीस? कमांड ट्रेनिंगचा नवा बाँड लागतो का, आणि तो जुन्यावर चढतो की जुन्याच्या जागी येतो? हा शेवटचा प्रश्न विचारायला सगळे विसरतात, कारण अपग्रेडचं पत्र हातात आलं की माणूस सही करायला उतावीळ असतो.

उत्तरं ईमेलवर घ्या. ‘एचआरच्या मॅडम म्हणाल्या’ याला काही किंमत नाही.

नोटीस: सगळं गणित इथे फिरतं

डीजीसीएच्या २०१७च्या नियमानुसार को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस आणि कॅप्टनला एक वर्षाची. आता नीट बघा. ज्या दिवशी खांद्यावर चौथी पट्टी चढते, त्या दिवशी तुमची बाहेर पडायची वाट सहा महिन्यांवरून बारा महिन्यांवर जाते. कमांड म्हणजे बढती हे खरंच, पण त्याच सहीने दाराला दुसरं कुलूपही लागतं.

नोटीस न पाळता जाण्याचे सल्ले क्रू रूममध्ये फुकट मिळतात. २०२३मध्ये अकासाचे ४३ वैमानिक नोटीस पूर्ण न करता गेले आणि प्रकरण कोर्टात पोचलं. ती भानगड तुमच्या वयात नको. जुन्या कंपनीने लवकर एनओसी दिली तर नोटीस कमी होऊ शकते. ती मागायला हरकत नाही, मात्र मिळेलच असं धरून नव्या कंपनीला तारीख देऊ नका.

मग कधी निघायचं?

माझं मत स्पष्ट आहे, आणि ते सगळ्यांना पटत नाही. विमानाचा आकार बघू नका, डावी सीट किती महिन्यांवर आहे ते बघा.

त्या मुलाचंच उदाहरण घेऊ. साडेअकराशे तास, महिन्याला साधारण सत्तर. १५०० व्हायला पाच महिने. पेपर झालेले नाहीत, रात्रीचे तास पस्तीस. म्हणजे प्रत्यक्षात एटीपीएल हातात यायला किमान वर्ष. त्याच्या पुढे कमांडच्या यादीत अकरा जण, आणि त्याची कंपनी वर्षाला साधारण सहा जणांना अपग्रेड करते. म्हणजे डावी सीट दोन वर्षांवर. मग अपग्रेडचं ट्रेनिंग, रिलीज, आणि नव्या बाँडची मुदत. कॅप्टन म्हणून थोडे अर्थपूर्ण तास जमवून, वर्षाची नोटीस देऊन निघायचं म्हटलं तर आजपासून पाच वर्षं. मी त्याला म्हटलं, ‘तुझा बाँड आठ महिन्यांनी संपतोय ना? आत्ता फॉर्म भर.’

आता दुसरी एक मुलगी आहे, टिळकनगरची. १९०० तास, एटीपीएल हातात, यादीत पुढे फक्त दोन जण. तिलाही तीच जाहिरात आली होती. तिला मी थांबायला सांगितलं. सहा महिन्यांत ती डाव्या सीटवर बसेल. दोन वर्षांनी तिच्या लॉगबुकात मल्टी-इंजिन टर्बाइनचे हजारभर कमांड तास असतील, आणि ते तास पुसता येत नाहीत. देशात असो की परदेशात, प्रत्येक अर्जात ‘पीआयसी’चा रकाना वेगळा असतो. उजव्या सीटवरचे पाच हजार तासही तो भरू शकत नाहीत.

याच्या उलट बाजूला ज्येष्ठता. मोठ्या कंपनीत तुमचा नंबर जॉइनिंगच्या तारखेवर ठरतो. बेस (ड्यूटी जिथून सुरू होते ते शहर), दिवाळीची सुट्टी, पुढची कमांड, रुंद (वाइड-बॉडी) विमानं, बहुतेक सगळं त्या नंबरामागून येतं. तिथे आज गेलात तर उद्या येणाऱ्या पाचशे जणांच्या पुढे. एटीआरवर कॅप्टन होऊन चार वर्षांनी गेलात तर त्या पाचशेंच्या मागे, आणि बहुधा पुन्हा को-पायलट म्हणूनच, तीन पट्ट्यांवर. माझं तेच झालं. माझ्याहून सात वर्षांनी लहान कॅप्टन मला चेकलिस्ट वाचायला सांगायचा. पहिला महिना जड गेला. नंतर लक्षात आलं, तो चांगला वैमानिक होता आणि मला बरंच शिकवून गेला.

तेव्हा माझा ढोबळ नियम असा: डावी सीट दीड वर्षाच्या आत असेल तर थांबा, कमांड घ्या. दोन वर्षांच्या पुढे असेल तर बाँड संपता संपता निघा. मधल्या सहा महिन्यांत अडकलेल्यांनी कंपनीकडे बघावं: नवी विमानं येताहेत का, पगार तारखेला होतो का, स्पेअर पार्टसाठी विमानं उभी आहेत का. पगार दोनदा लांबला तर कमांडचा मोह सोडा. आणि हो, आपल्याकडे वैमानिक ६५पर्यंत उडतो. पंचविशीत असाल तर दोन वर्षं इकडेतिकडे झाली म्हणून आकाश कोसळत नाही.

काही कंपन्यांत एटीआर आणि एअरबस दोन्ही आहेत. तिथे आतल्या आत बदली मिळत असेल तर ज्येष्ठतेचा प्रश्न वेगळा होतो. त्यांची अट, लॉक-इन, क्रम हे सगळं लेखी विचारा आणि बाहेरच्या अर्जाआधी विचारा.

स्वतःच्या पैशाने टाइप रेटिंग

नको. सीपीएलचं कर्ज डोक्यावर असताना नोकरीची हमी नसलेलं ए३२०चं रेटिंग विकत घेणं म्हणजे लग्न ठरण्याआधी मांडव घालणं. जेट आणि गो फर्स्ट थांबल्या तेव्हा रेटिंग असलेली, शिवाय तास असलेली माणसं बाजारात होती. रेटिंग चालू ठेवायलाही दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये चेक द्यावा लागतो, खिशातून. कंपनीने निवडलं आणि मग तिच्या अटींवर रेटिंग करावं लागलं, तर तो वेगळा हिशेब. तो घरच्यांबरोबर बसून करा.

सिम चेकची तयारी

लेखी परीक्षा, सायकोमेट्रिक, मुलाखत यांवर यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत. मी सिमबद्दलच, म्हणजे निवडीच्या वेळी सिम्युलेटरमध्ये होणाऱ्या परीक्षेबद्दलच बोलतो, कारण एटीआरवाले इथे उगाच घाबरतात.

तुमची जमेची बाजू मोठी आहे. एटीआरला ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा, नाही. दर लँडिंगला वेग तुमच्या हाताने धरलेला असतो. पावसाळ्यात आडव्या वाऱ्यात, टॉर्क (इंजिनाचा जोर) बदलला की नाक कुठे वळतं हे तुमच्या पायांना आधी कळतं. कच्चं, ऑटोपायलटशिवाय उड्डाण परीक्षकाला बघायचं असतं आणि ते तुम्ही रोज करता.

चूक होते ती उंची-वेगाच्या हिशेबात. एटीआरवर पॉवर मागे ओढली की पंखे ब्रेकसारखे धरतात. उशिरा, उंचावरून आलात तरी विमान सावरून घेतं. जेट तसं ऐकत नाही. नाक खाली घातलं की वेग वाढतो, वेग कमी करायला गेलात की उंची तशीच. म्हणून तीनचा पाढा आत्ताच अंगात मुरवा: तीस मैलांवर नऊ हजार फूट, वीस मैलांवर सहा हजार, दहावर तीन. एक गंमत म्हणजे ही उंची जमिनीपासूनची. इंदूरची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअठराशे फुटांवर आहे, ते वर मिळवायला विसरू नका. मी माझ्या एटीआरच्या शेवटच्या सहा महिन्यांत दर उतरताना हा हिशेब जेटच्या पद्धतीने करायचो आणि को-पायलटांना कंटाळा आणायचो.

ए३२०मध्ये थ्रस्ट लीव्हर चढाईच्या खाचेत ठेवले की ते तिथेच राहतात. इंजिनांची ताकद कमी-जास्त होते, लीव्हर हलत नाहीत. हात ठेवायचा, पण हाताला काही सांगत नाहीत. डोळ्यांनी स्क्रीन वाचायची सवय लागायला वेळ लागतो. उतरताना वीस फुटांवर विमान स्वतःच ‘रिटार्ड’ (लीव्हर मागे घे) म्हणतं. पहिल्यांदा ऐकून मी दचकलो होतो. आणि डाव्या सीटवरून उजवीकडे जाणाऱ्यांनो, हात बदलतात: स्टिक उजव्या हातात, लीव्हर डाव्या. घरी खुर्चीवर बसून, डोळे मिटून, हातांची ती अदलाबदल शंभरदा करा. बायको हसेल.

रेकॉर्ड आणि कागद

क्लास वन मेडिकल, शेवटचा प्रोफिशिअन्सी चेक (सिम्युलेटरमधला तोच सहामाही चेक), इंग्रजीचं प्रमाणपत्र: तिन्हींची मुदत बघा. लेव्हल ४ असेल तर ते तीनच वर्षं चालतं, लेव्हल ५चं सहा. अर्जाच्या वेळी संपलेलं आढळलं तर हकनाक एक बॅच जाते. अपघात-घटना नसल्याचं कंपनीचं पत्रही लागतं, तेवढं आधीच मागून ठेवा. ब्रेथ ॲनालायझर पहिल्यांदा पॉझिटिव्ह आला तर लायसन्स तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं. ड्यूटीच्या आधी माउथवॉश, कफ सिरप, आजीचे होमिओपॅथीचे थेंब, काहीही विचारल्याशिवाय तोंडात जाऊ देऊ नका.

घर

त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर: बहुधा हो. मोठ्या कंपनीत नव्याला दिल्ली, मुंबई, बंगळूर किंवा हैदराबाद. इंदूर बेस मिळालाच तर ज्येष्ठतेनंतर. पहाटे साडेतीनला रस्ता झाडणाऱ्या गाड्यांमागून एरोड्रोम रोडने दहा मिनिटांत विमानतळ गाठायची सवय झाली असेल, तर गुरुग्रामहून टर्मिनल गाठताना रडू येईल. नव्या ड्यूटी नियमांनी आठवड्याला सलग ४८ तास विश्रांती आणि रात्री दोनच लँडिंग असं केलंय, पण ‘आठवड्याला दोन दिवस’ म्हणजे ‘इंदुरात दोन दिवस’ नव्हे. जाण्या-येण्यात त्यातला एक जातो. डिसेंबर २०२५मध्ये याच नियमांवरून इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. माणसं कमी पडली की रोस्टरचं काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलं.

राजीनामा

ऑफर लेटर हातात आल्याशिवाय नाही. ‘सिलेक्ट झालायस, मेल येईल’ म्हणजे ऑफर नव्हे. राजीनामा ईमेलने द्या, तारीख-वेळ असलेली पोच मागा, कारण नोटीस त्या क्षणापासून मोजली जाते. नोटीसच्या काळात रजा कमी मिळते, रोस्टर कधीकधी मुद्दाम वाकडं येतं. भांडू नका, आजारपणाच्या रजाही उधळू नका, नवी कंपनी त्याची चौकशी करते. या काळात एखादा चेक संपत असेल तर तो जुन्याच कंपनीकडून करून घ्या.

शेवटच्या दिवशी विमानतळाचं प्रवेशपत्र, कंपनीचं कार्ड, मॅन्युअल्सचा टॅब्लेट जमा कराल तेव्हा प्रत्येकाची वेगळी पावती घ्या आणि फोटो काढून ठेवा. माझा टॅब्लेट जमा झाल्याची नोंद चार महिने सापडत नव्हती आणि हिशेबाचे पैसे तेवढे दिवस अडकले होते.